पाहुण्यांची खोली

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. जिना उतरताना मी कठडा सोडत नाही, कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडतो, आणि शेगडीला काडी लावायची झाली तर तोंड दुसरीकडे करून लावतो. अशा माणसाच्या कमरेला रसायनांच्या गोदामाच्या किल्ल्या कुणी लटकवल्या, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायला हवं होतं. पण साहेब कागद पुढे सरकवत आणि मी सही करत असे. भित्र्याला सहीपेक्षा साहेबांची जास्त भीती वाटते.

आमच्या कारखान्यात राळ बनते. होड्यांना, छपरांना, पाण्याच्या टाक्यांना ती लावतात. ही राळ आपणहून वाळत नाही, तिच्यात थोडा हार्डनर घालावा लागतो. हार्डनर दिसायला पाण्यासारखा, वास मात्र नाकात झोंबणारा. थंड जागी ठेवला तर वर्षभर गप्प राहतो. तापला की आतल्या आत स्वतःच आणखी तापत जातो, वायू सोडतो, आणि एका हद्दीपुढे गेला की मग त्याला कुणाचा बापही थांबवू शकत नाही. म्हणून त्याच्या कॅनला साधं झाकण नसतं. वायू बाहेर पडावा म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. आम्ही त्याला नाकवालं झाकण म्हणायचो.

परवान्याप्रमाणे आम्हाला असे चाळीस कॅन ठेवता येत होते, तेही थंड खोलीत. प्रत्यक्षात असायचे शंभरावर. आमच्या मॅनेजरांना सगळे पाठीमागे ‘होईलबघू’ म्हणत, कारण छप्पर गळो की माणूस पडो, त्यांच्या तोंडी तेवढेच दोन शब्द. माल एकदम आणला की स्वस्त पडतो, म्हणून ते एकदम आणायचे. चाळीसच्या वरच्या कॅनना आम्ही ‘पाहुणे’ म्हणायचो. तपासणीची तारीख आम्हाला आधी कळायची. कशी, ते मला विचारू नका. तारीख कळली की होईलबघू मला बोलावून म्हणायचे, “पाहुण्यांना गावाला पाठव.” गाव म्हणजे पॅकिंग हॉलच्या मागची जुनी खोली. एक दार, तेही मागच्या अंगणात उघडणारं, आणि पत्रा ठोकून बंद केलेली एक खिडकी. तपासणी दोन तासांत आटपायची, पाहुणे परत यायचे. सहा वर्षांत चार वेळा हे झालं होतं आणि रजिस्टरात चाळीसच्या खाली दर वेळी माझी सही होती.

दोन वर्षांपूर्वीच्या तपासनिसाने अंगणातून जाताना नाक मुरडलं होतं. तेव्हापासून होईलबघूंनी नवी युक्ती काढली. पाहुणे गावाला जाताना त्यांची नाकवाली झाकणं काढायची आणि साधी, घट्ट झाकणं बसवायची, म्हणजे वास येणार नाही. “पाहुण्यांनी तोंड बंद ठेवायचं,” असं ते म्हणाले होते. मी हसलो होतो, हेही सांगून टाकतो.

त्या दिवशी सकाळी सात वाजता दोन हमालांना घेऊन मी बहात्तर पाहुणे गावाला पोचवले. झाकणं बदलली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली. नऊ वाजता तपासनीस आली. या वेळी बाई होती, नवीनच. बुटकी, पन्नाशीची, चपलेचा अंगठा शिवून घेतलेला. तिने चहा नको म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, हे दोन तासांत आटपणार नाही. चहा घेणारा माणूस घाईत असतो किंवा खुशीत असतो. ही दोन्हीत नव्हती.

थंड खोलीत तिने प्रत्येक कॅनला हात लावून चाळीस मोजले. मग ऑफिसात बसून रजिस्टरं मागितली. या वर्षीची, गेल्या वर्षीची, त्याच्या आधीची. दहा वाजले, अकरा वाजले. होईलबघू दर पंधरा मिनिटांनी येऊन “काही हवं का बाई?” म्हणून विचारत आणि ती मान न वर करता “गेटवरची आवक-नोंद हवी,” म्हणे. गेटवरच्या वहीत आलेला प्रत्येक कॅन लिहिलेला होता. ती वही कुठे ठेवलीय ते सापडत नाही, असं आम्ही तासभर सांगत होतो.

साडेअकराला ती पुन्हा थंड खोलीत आली. थर्मामीटर पाहिला, आणि मग कुणी करत नाही असं एक केलं. भिंतीवर हाताचा पंजा ठेवला.

“ही भिंत थंड आहे,” ती म्हणाली. “पलीकडे काय आहे?”

“काही नाही बाई. मोकळं आवार.”

“छान. मी नेहमी भिंतीला हात लावून बघते.”

आणि तिथे, त्या थंडगार खोलीत, मला दरदरून घाम फुटला. कारण मला माझ्या ताईचं बोलणं आठवलं.

माझी थोरली बहीण पॅकिंग हॉलमध्ये अकरा वर्षं कामाला आहे. मला इथे चिकटवलं तेही तिनेच. पंधरा दिवसांपूर्वी ती आईला भेटायला घरी आली होती. चहा घेता घेता सहज म्हणाली होती, “नवीन मशीन आल्यापासून भिंतीला पाठ टेकायची सोय राहिली नाही. पोळते मेली.” नवीन मशीन म्हणजे डब्यांवर प्लॅस्टिक आवळणारी भट्टी. ती हॉलच्या मागच्या भिंतीला चिकटवून बसवली होती. मी तेव्हा चहात बिस्कीट बुडवत होतो. बिस्कीट पडलं, त्याचीच मला जास्त हळहळ वाटली.

हॉलची मागची भिंत म्हणजे पाहुण्यांच्या खोलीची पुढची भिंत. गेल्या चार वेळी तिच्यापलीकडे भट्टी नव्हती. आज होती, सकाळपासून चालू होती, आणि पाहुण्यांना आत ठेवून साडेचार तास झाले होते. त्यांची तोंडं मी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

पोट बिघडल्याचं सांगून मी सटकलो. अंगणात आलो, कुलूप काढलं. दार उघडलं तसा गरम वाफारा तोंडावर आला. आत अंधार होता. भिंतीलगतचे कॅन आधी नीट दिसेनात, मग दिसले. सकाळी त्यांच्या बाजू सपाट होत्या, आता त्या पोटासारख्या पुढे आल्या होत्या. एकाच्या तळाने जमीन सोडली होती आणि तो एका बाजूला कलला होता. मध्येच कुठेतरी ‘टक्’ असा आवाज व्हायचा, मग थोडा वेळ शांतता, मग दुसऱ्या कोपऱ्यातून ‘टक्’. मी जवळच्या कॅनवर बोट ठेवलं. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा तो लागला. झाकण सैल करावं असं मनात आलं, पण हात पुढे जाईना. मी दार ओढून घेतलं आणि, आता सांगायला लाज वाटते, सवयीने कुलूप लावलं.

होईलबघू मला व्हरांड्यात भेटले.

“साहेब, पाहुणे फुगलेत.”

“किती?”

“पुढचे बघितले. सगळे बघायची हिंमत झाली नाही.”

“होईल, बघू. बाई जेवायला उठल्या की हलवू.”

“बाईंनी डबा आणलाय. त्या तिथेच जेवणार आहेत.”

त्यांनी ओठ चावला. मी म्हणालो, “निदान मशीन बंद करा. हॉलमध्ये बायका आहेत.”

“मशीन बंद केलं की बाई विचारणार, का बंद केलं. मग खोली उघडावी लागणार. मग परवाना गेला, कारखान्याला टाळं, दोनशे घरं रस्त्यावर. त्यात तुझं एक.” ते माझ्या अगदी जवळ आले. “रजिस्टरवर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“मग जरा धीर धर.”

इकडे आड, तिकडे विहीर. मी तिथे उभा राहून काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. मी तुरुंगाचा विचार केला. आईला औषध कोण देईल याचा विचार केला. आणि मग माझ्या भित्र्या डोक्यात एक वाट निघाली, जी मला त्या क्षणी फार शहाणपणाची वाटली. ताईला बाहेर काढायचं. बस, तेवढंच. बाकीचं साहेब बघतील.

हॉलमध्ये नेहमीसारखी गडबड चालू होती. रांगेत बायका बसल्या होत्या, डबे सरकत होते, भट्टी घोंघावत होती. ताई शेवटच्या टोकाला, भिंतीपाशी. तिच्याशेजारी मावशी. मावशीला सगळे मावशीच म्हणतात. तिला ऐकू जवळजवळ येत नाही, पण समोरच्याच्या ओठांकडे बघून ती सगळं ओळखते. कुणी चुगली करायला लागलं तर तोंडावर हात धरावा लागतो.

“ताई, चल. आई पडली.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीने माझे ओठ वाचले आणि छातीवर हात ठेवला. ताईच्या हातातली लेबलं तिने काढून घेतली. “जा गं, जा,” ती तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “तुझं मी बघते.” आणि ती स्वतःच्या जागेवरून उठून ताईच्या जागेवर, भिंतीला आणखी चिकटून बसली.

मी ते पाहिलं आणि तरीही ताईचा हात धरून निघालो.

गेटपर्यंत मी जवळजवळ पळतच होतो. ताईने मागून विचारलं, “कुठे पडली? फोन कुणी केला?” मी म्हणालो, शेजाऱ्यांनी. ती थांबली, पिशवीतून मोबाइल काढला आणि सरळ आईलाच फोन लावला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खोटं बोलायलाही थोडी हिंमत लागते, आणि माझी सगळी संपलेली होती.

“आई, बरी आहेस ना?”

आईचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला. “मला काय धाड भरलीय? भात लावतेय. का गं?”

ताईने फोन ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. माझा शर्ट अंगाला चिकटला होता.

“काय झालंय?”

“भिंतीमागे हार्डनर आहे. बहात्तर कॅन. फुगलेत.”

“कधीपासून आहेत?”

“सकाळी सातपासून. मीच ठेवले.”

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती अगदी हळू म्हणाली, “आणि तू मला एकटीला घेऊन निघालास.”

मी गेटकडे बघितलं.

“धाकट्या, आत बावीस जणी आहेत. मावशी माझ्या जागेवर बसलीय.”

ती वळली. मी तिचा दंड धरला. आयुष्यात तिने माझ्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशीही नाही उगारला. फक्त माझी बोटं एकेक करून सोडवली. “तू तुझं काम कर,” ती म्हणाली, “मी माझं करते.” आणि हॉलकडे पळत सुटली. तिचे गुडघे दुखतात. ती तशीच, लंगडत पळत होती.

मी किती वेळ तिथे उभा होतो कुणास ठाऊक. फार नसेन. मला पायांनी ऑफिसात नेलं एवढंच म्हणता येईल. बाई डबा उघडून बसल्या होत्या. होईलबघू शेजारी उभे होते. मला बघून त्यांनी डोळे मोठे केले. मी कमरेची किल्ली सोडवून टेबलावर, त्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

“बाई, आणखी कॅन आहेत.”

“मूर्खासारखं काही बडबडू नकोस,” होईलबघू म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. “कुठे?”

“पॅकिंग हॉलच्या मागच्या खोलीत.”

“किती?”

“बहात्तर. झाकणं साधी आहेत. फुगलेत. भिंत तापलीय.”

“भिंतीपलीकडे कोण आहे?”

सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “माझी ताई.” मग म्हणालो, “सगळ्या.”

बाई उठल्या तेव्हा डबा कलंडला. धोक्याची घंटा त्यांनी स्वतः वाजवली. होईलबघूंना म्हणाल्या, “हॉलची वीज तोडा. मेन स्विचवरून. आत कुणी जायचं नाही, खोलीचं दार कुणी उघडायचं नाही.” मला म्हणाल्या, “गेटवर उभे राहा आणि मोजा. मोजता तरी येतं ना?” फटकारण्यासारखं त्या दिवसभरात तेवढंच बोलल्या.

मी गेटवर उभा राहून मोजू लागलो. राळेच्या विभागातले पुरुष आले, ऑफिसातले आले, हॉलमधल्या बायका आल्या. कुणाच्या पायात चप्पल नव्हती, कुणाच्या हातात अजून लेबलं होती. ताईने घंटेच्या आधीच त्यांना उठवायला सुरुवात केली होती, असं त्या सांगत होत्या. हॉलमधल्या बायका मी मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीस.

ताई आणि मावशी नव्हत्या.

मावशीला घंटा ऐकू गेली नसणार. पाठमोरी बसून ताईचं काम उरकत असणार. मी गेटच्या आत दोन पावलं टाकली, आणि पुढचं पाऊल उचलेना. मला पुढे जायचं होतं. मी देवाशप्पथ सांगतो, मला जायचं होतं, पण पाय जागचे हलेनात. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या छातीसमोर आडवा हात धरला, आणि खरं सांगू, मला त्या हाताचा आधार वाटला. आता मी का गेलो नाही याला कारण मिळालं होतं.

मग हॉलच्या दारातून दोघी बाहेर आल्या. ताई मावशीला हाताला धरून ओढत होती आणि मावशी मागे वळून काहीतरी दाखवत होती. बहुतेक अर्धवट राहिलेले डबे. त्या पुढच्या आवाराच्या मध्यावर आल्या असतील तेव्हा मागची भिंत गेली.

आवाज मला आठवत नाही. पायांखालची जमीन हलली ते आठवतं, आणि छपराचे पत्रे उंच, सावकाश वर जाताना दिसले ते आठवतं. दोघी पालथ्या पडल्या. मग ताई उठून बसली. मावशीही उठली, तिच्या कानांतून रक्त येत होतं. बंबवाल्यांनी लांबून दिवसभर पाणी मारलं. ताईच्या जागेवर, भट्टीपाशी, संध्याकाळी विटांचा ढीग होता.

मेलं कुणी नाही. हे वाक्य मी स्वतःला रोज म्हणतो.

तीन महिन्यांनी सुनावणी झाली. लांबट खोली, गरगरणारा पंखा, समोर तीन अधिकारी. आरोप वाचून दाखवले: परवान्याहून जास्त साठा, खोटी नोंद, चुकीची झाकणं, उष्णतेजवळ धोकादायक रसायन, कामगारांना अंधारात ठेवणं. प्रत्येकाला वेगळा दंड. होईलबघूंनी शपथेवर सांगितलं की त्यांना खोलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, किल्ली भांडारपालाकडे, म्हणजे माझ्याकडे, असते. माझ्या वकिलाने सांगितलं की मलाही भट्टीचा धोका शेवटपर्यंत उमगला नव्हता, उमगताच मी लगेच बाईंना सांगितलं. हे जवळजवळ खरं होतं. त्या ‘लगेच’वर माझी शिक्षा अवलंबून होती.

मग ताईला बोलावलं. मागच्या बाकांवर हॉलमधल्या एकवीस जणी बसल्या होत्या. मावशी आली नव्हती, तिच्या कानांवर उपचार चालू होते.

“भावाने तुम्हाला धोक्याबद्दल केव्हा सांगितलं?”

ताईने माझ्याकडे बघितलं. मग बाकांकडे बघितलं. “आधी तो मला एकटीला बाहेर घेऊन गेला,” ती म्हणाली. “आई पडली असं सांगून.”

कारखान्याचा परवाना रद्द झाला. होईलबघूंवर खटला चालू आहे आणि ते म्हणे अजूनही ‘होईल, बघू’च म्हणतात. माझ्या निकालपत्रात दंडाच्या आकड्याच्या वर एक ओळ आहे: भांडारपालास धोक्याची पूर्ण जाणीव होती, कारण त्याने स्वतःच्या बहिणीस सुरक्षित स्थळी हलवले. दहा वर्षं धोकादायक मालाच्या कुठल्याही कामावर मला राहता येणार नाही. बाहेर पडल्यावर ताई माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत आली. “खोटं कसं बोलू रे?” ती म्हणाली. “त्या समोर बसल्या होत्या.” मी म्हणालो, बरोबर केलंस. आणि ती माझ्यासाठी रडली, मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्या बायका आता बाजारात भेटल्या तर बघून न बघितल्यासारखं करतात. ते मला सोपं जातं. पण मावशी थांबते. तिला आता अजिबात ऐकू येत नाही. त्या दिवशीची हकिगत तिला कुणी सांगितलेली नाही. ताईनेच सांगू दिली नाही, म्हणाली, तिला राहू दे. मावशी लांबून हात करते, भर रस्त्यात माझा हात दोन्ही हातांत धरते, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारते, “आई पडली होती ना रे तुझी त्या दिवशी? आता कशी आहे?”

आणि माझ्या ओठांकडे बघत उभी राहते.

“बरी आहे, मावशी,” मी म्हणतो.